व्हरांड्यातले मूल : स्वमग्न मुलांचे शिक्षण आणि आपल्या इतिहासाची साक्ष

१

१८५६ सालच्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. शाळेने त्याला घेतले नाही, तेव्हा त्याने सरकारकडे दाद मागितली. मुंबई सरकारने त्याला जे उत्तर दिले ते आपण सर्वांनी नीट समजून घेतले पाहिजे. सरकारने त्या मुलाचा हक्क नाकारला नाही. तत्त्व म्हणून न्याय त्याच्याच बाजूला आहे, हे मान्य केले. मात्र या एकाला आत घेतले तर बाकीची मुले निघून जातील, शाळा ओस पडेल, तेव्हा एकासाठी अनेकांचे नुकसान करता येणार नाही, असे सांगून त्याला बाहेरच ठेवले.

हक्क मान्य, पण इतरांची गैरसोय होते. हा युक्तिवाद दीडशे वर्षांत मेलेला नाही. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत बारा-बारा तास राबणारा कंत्राटी कामगार आपल्या सहा-सात वर्षांच्या स्वमग्न मुलाचा हात धरून मुख्याध्यापकांसमोर उभा राहतो, तेव्हा त्याला हेच उत्तर मिळते. कायदा आम्हाला ठाऊक आहे. पण वर्गात साठ मुले आहेत, हा मध्येच उठतो, कानांवर हात दाबून ओरडतो, बाकीचे पालक तक्रार करतात. तुम्ही याला वेगळ्या शाळेत का नेत नाही? ती वेगळी शाळा कुठे आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

मी याच परिसरातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून इकडे आले, वडिलांचे आयुष्य कारखान्यात गेले, आणि पदवीपर्यंत पोचलेला आमच्या घरातला मी पहिला. शाळेच्या दाराची किंमत आमच्यासारख्या घरांना कुणी समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच हा प्रश्न डॉक्टरांचा किंवा दयाळू संस्थांचा आहे असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. ज्या समाजाने शाळेचा व्हरांडा भोगला आहे, त्याच्यापाशी या मुलांविषयी बोलण्याचा अधिकार आहे आणि जबाबदारीही आहे.

२

प्रथम आपलाच इतिहास थोडक्यात आठवू. १८५८ साली सरकारने जाहीर केले की, ज्या शाळा पूर्णपणे सरकारी खर्चाने चालतात त्या सर्व वर्गांच्या मुलांना खुल्या राहतील. कागदावर दार उघडले. प्रत्यक्षात काय झाले? १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांना सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी करावी लागली, कारण शूद्रातिशूद्रांच्या पैशावर वरच्यांचीच मुले शिकत होती. १८९० च्या दशकात दापोलीच्या महार लष्करी पेन्शनरांनी आपल्या मुलांसाठी अर्जविनंत्या केल्या, तेव्हा तिथल्या शाळेत मुलांना जागा मिळाली ती व्हरांड्यात. साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसले, आणि कुणी वरून पाणी ओतले तरच त्यांना प्यायला मिळाले. मूल शाळेत दाखल होते. हजेरीपटावर नाव होते. पण ते वर्गात नव्हते.

म्हणजे या इतिहासात तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात. पहिली बंद दार, दुसरी व्हरांडा, तिसरी बाक. दार उघडायला कायदा पुरतो. व्हरांड्यातून बाकापर्यंत जायला कायदा पुरत नाही. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळाने बोले ठराव संमत केला. त्यात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही होत्या. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन चवदार तळ्यावर चालत जावे लागले. ठराव ते ओंजळ हे अंतर माणसांनी चालून कापले.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. अस्पृश्य मूल आणि सवर्ण मूल यांच्यात शिकण्याच्या दृष्टीने तसूभरही फरक नव्हता. फरक व्यवस्थेने लादला होता. स्वमग्न मुलाच्या बाबतीत फरक खरा आहे. त्याचा मेंदू आवाज, उजेड, स्पर्श, शब्द आणि माणसांचे चेहरे वेगळ्या रीतीने घेतो. दोन्ही अनुभव एकच आहेत असे म्हणणे दोघांवरही अन्यायाचे होईल. परंतु त्या फरकाची शिक्षा म्हणून मुलाला बाहेर बसवणे, हे मात्र निसर्गाचे काम नाही. ते शाळेचे आणि समाजाचे काम आहे.

३

स्वमग्नतेच्या ज्ञानाचा इतिहासही निर्मळ नाही. १९२५ साली मॉस्कोत ग्रून्या सुखारेवा या बाईंनी अशा सहा मुलांचे बारकाईने वर्णन केले. जगाने त्याची दखल कितीतरी दशके घेतली नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची टिपणे प्रसिद्ध केली आणि शोधाचा मान त्यांच्याकडे गेला. त्या अकरा मुलांचे आईबाप बहुतेक उच्चशिक्षित होते. त्यावरून समजूत पसरली की हा सुशिक्षित, सुखवस्तू घरांतला प्रकार आहे. वास्तविक, गरिबांची मुले त्या दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती. जे मोजणाऱ्याच्या दारी जात नाहीत ते अस्तित्वातच नाहीत, असे ठरवण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे.

दुसऱ्याच वर्षी, १९४४ मध्ये, व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांचा निबंध आला. त्यांचे नाव पुढे फार आदराने घेतले गेले. २०१८ साली हेरविग चेक या इतिहासकाराने जुने कागद तपासून दाखवून दिले की, ॲस्पर्गर यांनी नाझी राजवटीशी सहकार्य केले होते आणि 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेत काही मुले पाठवण्यात त्यांचा हात होता. त्या संस्थेत सुमारे आठशे मुले मारली गेली. 'उपयोगी' मूल आणि 'निरुपयोगी' मूल अशी प्रतवारी सुरू झाली की ती कुठे जाऊन थांबते, याचा हा पुरावा आहे. प्रतवारीच्या समाजात जन्मलेल्यांना तो अधिक बोलका वाटावा.

युद्धानंतर दोष आईवर आला. आई थंड, मायाहीन, म्हणून मूल असे झाले, हे मत शास्त्र म्हणून मिरवले गेले. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात तेच रेटले. त्याआधी १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या, स्वतः स्वमग्न मुलाच्या पित्याने हे मत खोडून काढले होते. आज हे निश्चित आहे की स्वमग्नता जन्मापासूनच्या मेंदूच्या घडणीशी निगडित आहे आणि आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा आहे. आईच्या वागण्याने ती येत नाही. लसीनेही येत नाही. तसा दावा करणारा १९९८ चा वेकफील्ड यांचा निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला.

शिकागोतल्या आईला जो दोष डॉक्टरांनी दिला, तो आपल्या वस्तीतल्या आईला शेजारपाजार आणि सासर देते. पोटुशी असताना काय पाहिले, काय खाल्ले, कुठला नवस फेडायचा राहिला? आणि शेवटी ते ठरलेले वाक्य : मागच्या जन्मीचे भोग. या वाक्यापाशी आपण थांबले पाहिजे. पूर्वजन्मीच्या कर्माचा हाच सिद्धांत सांगून आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण ज्या धर्माकडे आलो, त्याची मांडणी करताना बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माची ही कल्पना बाजूला सारली. अस्पृश्यतेचे कारण म्हणून जे आपण नाकारले, ते आपल्याच घरातल्या मुलाच्या कपाळी लिहायचे, हे कसे चालेल? आठवड्याला मांत्रिकाकडे जाणारे पैसे आणि हरवणारी वर्षे, ही दोन्ही मुलाच्या शिक्षणातून वजा होतात.

नावाचाही प्रश्न आहे. 'स्वमग्न' हा मराठी शब्द 'ऑटिझम'च्या ग्रीक मुळाचा अनुवाद आहे. तो वापरात रुळला आहे म्हणून मीही वापरतो. पण त्यातून मूल स्वतःतच रमलेले आहे, त्याला माणसे नकोत, असा चुकीचा अर्थ निघतो. अनेक मुलांना माणसे हवी असतात; माणसांपर्यंत पोचायची वाट सापडत नाही. त्याआधी त्यांना सरसकट 'मतिमंद' म्हटले जाई. आता सरकारी कागदावर 'दिव्यांग' आले आहे. 'हरिजन' शब्द कायद्यात घालण्याविरुद्ध १९३८ साली बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी विधिमंडळातून उठून गेले होते, हे आपल्याला माहीत आहे. गोड नाव देऊन स्थिती तशीच ठेवण्याची युक्ती आपण तेव्हाच ओळखली होती. या मुलांचे नाव काय असावे, हे ठरवताना मोठी झालेली स्वमग्न माणसे आणि त्यांचे पालक यांचा शब्द शेवटचा मानला पाहिजे.

४

आता कायद्याकडे वळू. मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा सुरू झाली, ती एका पालक दांपत्याच्या गरजेतून. सरकारची एकात्म शिक्षणाची योजना आली ती १९७४ साली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार मोजले होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. स्वमग्न मुलाला प्रमाणपत्र हवे असेल तर 'मतिमंद' या रकान्यात शिरावे लागे, अन्यथा हात हलवत परतावे लागे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचे नाव आले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन अपंग मुलांचा स्पष्ट समावेश झाला. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मानले आणि त्यांत स्वमग्नता आली. या कायद्यानुसार चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत, किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाणही सांगितले : अशा मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक, त्यावर पंधरा मुलांमागे एक. २०२५ साली न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजवावे लागले की पदे जाहीर करा. 'पुन्हा' या शब्दात सारे आले.

मोजणीचे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा अंदाज आहे की जगात सुमारे १२७ माणसांमागे एक स्वमग्न आहे. आपल्याकडच्या २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ रकाने होते. स्वमग्नतेचा एकही नव्हता. ज्याचा रकाना नाही त्याची तरतूद नाही. जातीच्या मोजणीसाठी झगडणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक धोका. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय दिला. तो पालकांनी निवडायचा आहे. व्यवहारात त्याचा उपयोग शाळेने जबाबदारी झटकण्यासाठी केला, तर घर हाच नवा व्हरांडा होतो.

५

हे सारे अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूर या पट्ट्यात ठेवून पाहिले पाहिजे. हा परिसर स्थलांतरितांनी उभा केला. १९२० च्या दशकात इथे स्वीडिश कंपनीच्या 'विमको'चा आगपेटीचा कारखाना आला. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. पुढे संरक्षण खात्याचे कारखाने आले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर मोरिवली, आनंदनगर, बदलापूर इथल्या वसाहती वाढल्या. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण, उत्तर प्रदेश, बिहार, सगळीकडची माणसे पोटामागे इथे आली. वालधुनी नदीचे जे झाले ते सर्वांना दिसते. रसायनांमुळेच मुले अशी होतात, असे वस्तीत बोलले जाते. तसा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, आणि अर्ध्या माहितीवर भीती पसरवणे चळवळीला शोभत नाही. वास आणि धूर माणसाला घातक आहेत, हे प्रदूषणाविरुद्ध लढायला पुरेसे कारण आहे.

या पट्ट्यातल्या स्वमग्न मुलाची मुख्य अडचण वेगळी आहे. निदानासाठी आपल्या देशात चाळीस प्रश्नांची एक मोजपट्टी ठरलेली आहे. ती वापरणारा तज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि मंडळ, यांच्याकडे पुनःपुन्हा जावे लागते. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात एक फेरी म्हणजे लोकलचा दीड तास, रांग, आणि एका दिवसाची मजुरी बुडाली. कंत्राटी कामगाराला पगारी रजा कुठली? दोन फेऱ्या होतात, तिसऱ्या फेरीला ठेकेदार म्हणतो, उद्यापासून येऊ नको. मग आई घरकाम सोडते. म्हणजे एका प्रमाणपत्रापायी घरातला एक पगार जातो. ठाणे महानगरपालिका 'जिद्द' ही विशेष शाळा चालवते. बदलापूरजवळ बेंडशीळला 'संगोपिता' ही निवासी संस्था आहे. अशा संस्थांचे काम मोलाचे आहे, परंतु वस्तीवस्तीतल्या मुलांना त्या पुरणार नाहीत, आणि पुरवायची जबाबदारीही त्यांची एकट्यांची नाही.

भाषेचाही काच आहे. तज्ज्ञ इंग्रजीत किंवा हिंदीत सूचना देतात, घरी एकच भाषा बोला म्हणतात. आईची भाषा नांदेडकडची किंवा जळगावकडची. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे नुकसान होते, या समजुतीला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. आईने आपल्या बोलीत बोलणे बंद करावे, हा सल्ला मुलाकडून त्याचे पहिले माणूस हिरावून घेतो.

६

मुलाचे भले व्हायचे म्हणजे वर्गात नेमके काय व्हायचे? कल्याण या शब्दाभोवती दयेची भाषणे फार झाली. मी काही साध्या गोष्टी नोंदवतो.

अशा मुलाला दिवसभरात काय होणार हे आधी कळले तर त्याची घालमेल कमी होते. भिंतीवर चित्रांचे वेळापत्रक लावावे : प्रार्थना, गणित, डबा, खेळ, घर. बदल असेल तर आदल्या दिवशी सांगावा. घंटेजवळची, ध्वनिवर्धकाखालची, लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटखालची जागा त्याला देऊ नये. गोंगाट असह्य झाला तर पाच मिनिटे शांत बसायला एक ठरलेला कोपरा असावा. ती शिक्षा नव्हे, हे इतर मुलांनाही सांगावे. बोलता येत नसेल तर चित्र दाखवून, खुणेने मागू द्यावे. 'डोळ्यांत बघ' म्हणून हनुवटी धरू नये. खिचडीचा स्पर्श जिभेला सोसत नसेल तर ते नखरे समजू नयेत. हात फडफडवणे बंद पाडण्यात तास घालवू नये. आणि मारू नये. छडी या मुलाला काहीच शिकवत नाही. शाळा ही भीतीची जागा आहे एवढेच शिकवते.

यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाला कुणी पाच वाक्ये सलग बोलताना ऐकले नव्हते. पण लोकलमधली सूचना तो हुबेहूब म्हणे. एका शिक्षिकेने ती बडबड थांबवली नाही. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण अशी स्टेशनांची नावे पुठ्ठ्यावर लिहून त्याच्यापुढे ओळीने मांडली. त्या रुळांवरून तो वाचायला शिकला. त्या बाई कंत्राटी होत्या. वर्षअखेरीस त्यांची नेमणूक संपली. नवीन माणसाशी जुळवून घ्यायला ज्या मुलाला महिने लागतात, त्याचा शिक्षक दरवर्षी बदलतो, हे आपल्या शिक्षणव्यवस्थेचे धोरण आहे.

सुरक्षेचा प्रश्नही इथलाच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातल्या एका शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि लोकांनी रेल्वे अडवली. त्या मुली घरी काही सांगू शकल्या. ज्या मुलाला सांगताच येत नाही त्याचे काय? त्याच्या वागण्यातला बदल हीच त्याची फिर्याद असते, आणि ती वाचायला शिकणे हे शिक्षकाचे काम आहे.

७

शेवटचा आणि अवघड प्रश्न : वेगळी शाळा की सर्वांची शाळा? आपला इतिहास येथे दोन साक्षी देतो आणि दोन्ही खऱ्या आहेत. शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला. कारण वेगळी शाळा हाच अपमान होता. आणि १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढले. तेही वेगळेच होते, पण ते मुलांना पुढच्या शाळेत पोचवण्यासाठी होते. दुसऱ्यांनी दूर ठेवण्यासाठी केलेले वेगळेपण आणि आपण पुढे जाण्यासाठी केलेले वेगळेपण, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. विशेष शाळेला हीच कसोटी लावावी. तिथून वाट कुठे जाते? वर्गाकडे, कामाकडे, वस्तीतल्या जगण्याकडे जात असेल तर ती हवी. कुठेच जात नसेल तर तो पक्का बांधलेला व्हरांडा आहे.

'सर्वांना सारखे वागवतो, म्हणून याला वेगळी सवलत नाही' असे म्हणणाऱ्यांनाही उत्तर जुनेच आहे. १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी मांडले होते की, मुळात समान पातळीवर नसलेल्यांना समान पातळीवर आणायचे तर जे खाली आहेत त्यांना झुकते माप द्यावेच लागते. ज्या तत्त्वावर आपण शिकलो, ते तत्त्व आपल्यापाशी येऊन संपत नाही.

तेव्हा कामाला लागू. वस्तीतल्या किती मुलांचे नाव शाळेत नाही, किती नावापुरती आहेत, याची घरोघर नोंद विद्यार्थ्यांनी करावी. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. तिथे स्वमग्न मुलाची आई निवडून आणावी. कामगार संघटनांनी बोनसच्या मागणीशेजारी प्रमाणपत्र आणि उपचारासाठी पगारी रजेची मागणी ठेवावी. समाजमंदिराची एक खोली आठवड्यातून एक दिवस या पालकांसाठी उघडावी. आणि जयंतीच्या मिरवणुकीत भिंती हादरवणारा आवाज ऐकून कुणाचे तरी लेकरू पलंगाखाली शिरते, हे ध्यानात घेऊन आवाज खाली आणावा. त्याने बाबासाहेबांचा मान वाढेलच.

कायदा २०१६ साली झाला. बोले ठरावापासून महाडपर्यंत चार वर्षे लागली होती. आपली चार वर्षे केव्हाच उलटून गेली आहेत.